डिप्लिशन की एनहान्समेंट? फेट हातात आला की ओळखायचा कसा?

शीतल_तासगाव

नमस्कार मंडळी,

मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात प्रॅक्टिकलला आम्ही आधी बीएफडब्ल्यू१० या जेफेटचे आलेख काढले आणि नंतर २एन७००० या मॉसफेटचे. दोन्ही फेटच, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजनं ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधला करंट कमी-जास्त करणारे ट्रान्झिस्टर. पहिल्यात गेटला शून्य व्होल्ट असताना करंट सगळ्यात जास्त होता. गेटला ऋण व्होल्टेज देत गेलो तसा तो उतरत उतरत बंद झाला. दुसऱ्यात बरोबर उलटं. गेटला दोन-सव्वादोन व्होल्ट मिळेपर्यंत मिलिअँमीटरचा काटा जागचा हलला नाही, आणि मग एकदम पळत सुटला. इथपर्यंत समजलं.

अडलंय ते पुढे. पुस्तकात डिप्लिशन आणि एनहान्समेंट हे शब्द मॉसफेटच्या प्रकरणात येतात, जेफेटचं प्रकरण वेगळं. मग जेफेट या दोघांपैकी कुठं बसतो? दुसरं, पुस्तकात एनहान्समेंटच्या चिन्हातली चॅनलची रेघ तुटक आहे, पण नेटवरच्या कितीतरी सर्किटांत २एन७००० अखंड रेघेनं काढलेला दिसतो. तिसरं, आमच्या लॅबच्या डब्यात नंबर पुसलेले बरेच तीनपायी ट्रान्झिस्टर पडलेत. त्यातले फेट कुठले आणि कुठल्या जातीचे हे मल्टिमीटरवर ठरवता येईल का? आणि शेवटचं, जो मुळात चालूच असतो असा डिप्लिशन मॉसफेट कुणाला कशासाठी लागतो? इथल्या दुकानात मागितला तर दुकानदारानं नावही ऐकलेलं नव्हतं.

प्रयोगशाळा_मास्तर

शीतल, प्रश्न फार नीट मांडलेस. तू काढलेल्या दोन आलेखांतच निम्मं उत्तर आलंय.

कुठलाही फेट समोर आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: गेट आणि सोर्स एकमेकांना जोडून टाकले, म्हणजे व्हीजीएस (गेट-सोर्समधलं व्होल्टेज) शून्य केला, तर ड्रेनमधून करंट वाहतो का? वाहत असेल तर डिप्लिशन, नसेल तर एनहान्समेंट. एन-चॅनल की पी-चॅनल, जेफेट की मॉसफेट, सिलिकॉन की गॅलियम, हे सगळे प्रश्न त्याच्यानंतर. मुलं आधी चिन्ह, मग समीकरण, मग आलेख असं पाठ करत जातात आणि तोंडी परीक्षेला घोळ होतो. या एका प्रश्नापासून निघालं की बाकीचं आपोआप मागं येतं.

आता आत काय घडतं ते बघ. एन-चॅनल एनहान्समेंट मॉसफेटमध्ये सोर्स आणि ड्रेन हे दोन एन-प्रकारचे (इलेक्ट्रॉन जास्त असलेले) कप्पे, आणि मध्ये पी-प्रकारचं सिलिकॉन, ज्यात होल म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. दोघांना जोडणारी वाट तिथे नसतेच. गेटला धन व्होल्टेज दिलं की ऑक्साइडच्या (गेट आणि सिलिकॉनमधल्या, वीज न जाऊ देणाऱ्या थराच्या) खाली आधी होल मागे ढकलले जातात, आणि व्होल्टेज पुरेसं वाढलं की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी गोळा होऊन पातळ थर तयार होतो. हाच चॅनल. तो ज्या व्होल्टेजला उभा राहू लागतो तो थ्रेशोल्ड. तुझा काटा दोन-सव्वादोन व्होल्टपर्यंत हलला नाही त्याचं कारण हे.

डिप्लिशन मॉसफेटमध्ये हाच चॅनल कारखान्यातच घालून दिलेला असतो. गेटखालच्या भागात एन-प्रकारची अशुद्धी रोपलेली असते, त्यामुळे गेट शून्यावर असतानाही वाट मोकळी. ती बंद करायची तर गेटला ऋण व्होल्टेज देऊन तिथले इलेक्ट्रॉन हाकलावे लागतात.

जेफेटमध्ये ऑक्साइड नाही. चॅनल म्हणजे एन-प्रकारच्या सिलिकॉनचा पट्टा, आणि त्याला लागून पी-प्रकारचा गेट, म्हणजे सरळ एक डायोड. हा डायोड उलटा बायस केला, म्हणजे उलट दिशेनं व्होल्टेज दिलं, की डिप्लिशनचा पट्टा (जिथे वाहक इलेक्ट्रॉन उरत नाहीत) रुंदावत जातो आणि चॅनल अरुंद होतो. गेट शून्यावर असताना चॅनल जवळजवळ पूर्ण रुंद, म्हणून करंट सर्वांत जास्त. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नेहमीचे सगळे जेफेट डिप्लिशन जातीचेच. वेगळं सांगायची गरज पडत नाही म्हणून पुस्तकं तो शब्द तिथं वापरत नाहीत, आणि नेमका तिथंच गोंधळ सुरू होतो.

जेफेट आणि डिप्लिशन मॉसफेट यांच्यातला एक फरक मात्र पक्का लक्षात ठेव. डिप्लिशन मॉसफेटच्या गेटला धन व्होल्टेजही देता येतं. मध्ये ऑक्साइड आहे, गेटमधून करंट जात नाही, चॅनलमध्ये आणखी इलेक्ट्रॉन येतात आणि करंट शून्य-व्होल्टच्या आकड्यापेक्षाही वर जातो. म्हणजे तो दोन्ही बाजूंनी चालतो. जेफेटला ही मुभा नाही. एन-चॅनल जेफेटचा गेट अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर धन केला की गेटचा डायोड सुलटा होऊन स्वतःच करंट ओढायला लागतो, आणि फेटची सगळी मजा ज्या उच्च इनपुट रोधात आहे तीच जाते.

समीकरणंही यातूनच येतात. जेफेट आणि डिप्लिशन मॉसफेटसाठी आयडी = आयडीएसएस × (१ − व्हीजीएस ÷ व्हीपी)². एनहान्समेंटसाठी आयडी = के × (व्हीजीएस − व्हीटी)². आयडी म्हणजे ड्रेन करंट, आयडीएसएस म्हणजे व्हीजीएस शून्य असतानाचा ड्रेन करंट, व्हीपी म्हणजे करंट बंद पडतो ते व्होल्टेज, व्हीटी म्हणजे थ्रेशोल्ड आणि के हा त्या नगाचा स्थिरांक. दोन्ही वर्गाचीच समीकरणं, दोन्ही आलेख पॅराबोलाचे. फक्त एक शून्याच्या डावीकडून सुरू होतो, दुसरा उजवीकडून. तुझे दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून बघ.

खटपट्या

मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे. मी आमच्या वर्कशॉपमध्ये पोरांना घरातल्या दोन बटणांवरून सांगतो. दाराच्या बेलचं बटण दाबलं की बेल वाजते, हात काढला की गप्प. हा एनहान्समेंट. फ्रिजच्या दाराच्या चौकटीतलं बटण दाबलेलं असतं तोवर आतला दिवा बंद, सोडलं की पेटतो. तो डिप्लिशन. बटण दोन्हीकडे आहे, दाबल्यावर काय होतं ते उलट आहे.

मल्टिमीटरचं रात्री निवांत लिहितो, जरा सविस्तर लिहावं लागेल.

सोल्डरवाली

चिन्हांबद्दल मी लिहिते, माझं रोजचं काम पीसीबीचं (सर्किट बोर्डांचं) आहे.

मूळ नियम पुस्तकातलाच बरोबर. तुटक रेघ म्हणजे चॅनल मुळात नाही, तयार करावा लागेल. अखंड रेघ म्हणजे चॅनल आधीपासून आहे. मधल्या बाणाचा या दोन जातींशी काही संबंध नाही. मॉसफेटमध्ये तो बाण बॉडी (चॅनलखालचं सिलिकॉन) आणि चॅनल यांच्यामधला: आत शिरणारा असेल तर एन-चॅनल, बाहेर जाणारा असेल तर पी-चॅनल. जेफेटमध्ये बाण गेटवर असतो, नियम तोच.

पण प्रत्यक्षात काय होतं? बाजारातले जवळजवळ सगळे सुटे मॉसफेट एनहान्समेंट आहेत. त्यामुळे काढणाऱ्याला तीन तुकडे काढायचा कंटाळा येतो आणि तो एक सरळ रेघ ओढून मोकळा होतो. आयसीच्या आतल्या सर्किटांच्या आकृत्यांमध्ये तर बॉडीचा पायही काढत नाहीत, आणि तिथे जाड रेघेनं डिप्लिशन दाखवायची पद्धत आहे. सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतही दोन्ही तऱ्हा सापडतात. म्हणून माझा शिरस्ता असा: तुटक रेघ दिसली तर विश्वास ठेवायचा, कारण ती कुणी मुद्दाम काढल्याशिवाय येत नाही. अखंड रेघ दिसली तर नंबर वाचून डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडायची.

शीतल_तासगाव

सर, ताई, दादा, खूप धन्यवाद. एक आलेख ऋण बाजूला, एक धन बाजूला, हे एका कागदावर काढल्यावर फार स्वच्छ दिसलं.

ताईंनी सांगितलं म्हणून दोन्ही डेटाशीट उघडल्या, तर नवीनच अडचण. सरांच्या समीकरणात आयडीएसएस फक्त डिप्लिशनला आहे. पण २एन७०००च्या डेटाशीटमध्येही आयडीएसएस दिलेला आहे, १ मायक्रोअँपिअर. बीएफडब्ल्यू१०ला तोच ८ ते २० मिलिअँपिअर. मग आयडीएसएस असणं ही डिप्लिशनची खूण कशी धरायची?

प्रयोगशाळा_मास्तर

वा! हा प्रश्न मी स्वतः परीक्षेत विचारतो आणि फार थोडी मुलं इथवर पोचतात.

आयडीएसएस म्हणजे गेट सोर्सला जोडलेला असताना ड्रेनमधून जाणारा करंट, दोन्हीकडे व्याख्या तीच. बदलतो तो त्याचा अर्थ. एनहान्समेंटमध्ये गेट सोर्सला जोडला म्हणजे साधन बंद आहे, तेव्हा त्यातून झिरपतो तो गळतीचा करंट. तो जितका कमी तितका चांगला, म्हणून डेटाशीटमध्ये फक्त कमाल आकडा असतो, मायक्रोअँपिअरमध्ये. जेफेटमध्ये गेट सोर्सला जोडला म्हणजे साधन पूर्ण चालू, तेव्हाचा करंट हा कामाचा करंट. म्हणून किमान आणि कमाल दोन्ही आकडे असतात, मिलिअँपिअरमध्ये.

तेव्हा आयडीएसएस आहे की नाही हे बघू नकोस, त्याचं एकक बघ. त्याच्या शेजारची ओळही वाच. एनहान्समेंटमध्ये व्हीजीएस-थ्रेशोल्ड धन आकड्यात असतो, २एन७०००ला ०.८ ते ३ व्होल्ट. जेफेटमध्ये व्हीजीएस-ऑफ (समीकरणातला व्हीपी) ऋण आकड्यात, बीएफडब्ल्यू१०ला उणे ८ व्होल्टपर्यंत. हे एन-चॅनलचं झालं, पी-चॅनलला दोन्ही चिन्हं उलटी. डिप्लिशन मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये आणखी एक खूण सापडते: गळतीचा करंट तिथे वेगळ्या ओळीत दिलेला असतो आणि त्याच्या अटीत गेटला उणे ५ किंवा उणे १० व्होल्ट लिहिलेले असतात. बंद करायलाच ऋण व्होल्टेज लागतं म्हटल्यावर गळती त्याशिवाय मोजणार कशी?

खटपट्या

मल्टिमीटरचं, सांगितल्याप्रमाणे.

आधी एक काम: मीटर लावण्याआधी गेट आणि सोर्स एकमेकांना टेकवून घे. पाय माहीत नसतील तर तिन्ही पाय एकत्र टेकव. मॉसफेटचा गेट म्हणजे छोटा कॅपॅसिटर. त्यात आधीचा चार्ज अडकलेला असला की बंद असायला हवा तो फेट चालू दिसतो आणि माणूस भलताच निष्कर्ष काढतो. डायोड रेंजवर मीटर स्वतः दोन-तीन व्होल्ट बाहेर टाकतं. तेवढ्यावर २एन७०००सारख्याचा गेट भरून तो अर्धवट चालूही होतो.

आता डायोड रेंजवर तिन्ही पायांच्या जोड्या दोन्ही दिशांनी तपास.

एनहान्समेंट मॉसफेट, एन-चॅनल: गेटपासून कुठेच काही दिसणार नाही. लाल तार सोर्सवर आणि काळी ड्रेनवर ठेवली की अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो, तो आतला बॉडी डायोड. तारा उलट केल्या की काही नाही. मग गंमत बघ: काळी तार सोर्सवर ठेवून लाल तार क्षणभर गेटला लाव, तिथून उचलून ड्रेनवर ठेव. आता चालू दिसेल, कारण गेटमध्ये चार्ज राहिला. बोटानं गेट आणि सोर्स एकत्र दाबले की परत बंद. थ्रेशोल्ड जास्त असलेल्या मोठ्या मॉसफेटला मीटरचं व्होल्टेज पुरत नाही, तिथं ९ व्होल्टची बॅटरी वापर.

जेफेट: एका पायापासून दुसऱ्या दोन्ही पायांकडे डायोड दिसेल. तो पाय गेट. इथे बरेच जण त्याला साधा ट्रान्झिस्टर समजून बाजूला टाकतात, कारण बेसपासूनही असेच दोन डायोड दिसतात. फरक उरलेल्या दोन पायांत आहे. साध्या ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर मोकळे दिसतील. जेफेटचे ड्रेन-सोर्स ओहम रेंजवर दोन्ही दिशांनी काहीशे ओहम दाखवतील.

डिप्लिशन मॉसफेट: गेटपासून कुठेच काही नाही, पण उरलेले दोन पाय गेट सोर्सला टेकवलेला असतानाही दोन्ही दिशांनी चालू.

बीएफडब्ल्यू१०ला चार पाय असतात. धातूचा छोटा डबा आहे तो, चौथा पाय त्या डब्यालाच जोडलेला. आकडे जुळत नसतील तर आधी तो पाय शोधून बाजूला कर.

रोबो_मिरज

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. आम्ही रोबोटमध्ये आयआरएफ५४०एन लावलाय, कंट्रोलर ३.३ व्होल्टचा. थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलाय, म्हणजे ३.३ला चालू व्हायला हवा ना? मोटर कुंथते आणि मॉसफेट हात लावू देत नाही इतका तापतो.

सोल्डरवाली

थ्रेशोल्ड म्हणजे पूर्ण चालू होण्याचं व्होल्टेज नाही. त्याच ओळीत अट वाचा: ड्रेन करंट २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे त्या व्होल्टेजला वाट नुकती किलकिली झालीय, अँपिअर नव्हे तर एका मिलिअँपिअरचा चौथा हिस्सा जातोय. ४४ मिलिओहमचा जो रोध जाहिरातीत मिरवतात तो गेटला १० व्होल्ट असतानाचा. ३.३ व्होल्टला तुमचा मॉसफेट मधेच अडकलाय, म्हणून सगळी उष्णता त्याच्यातच.

लॉजिक-लेव्हलचा (कमी गेट व्होल्टेजला पूर्ण चालू होणारा) घ्या, पण तिथेही डेटाशीटमध्ये ऑन-रोध किती व्होल्टला दिलाय ते बघा. आयआरएलझेड४४एनला सर्वांत खालचा आकडा ४ व्होल्टचा आहे, ३.३साठी तोही खात्रीचा नाही. छोट्या मोटरला एओ३४०० चालेल, त्याचा रोध २.५ व्होल्टलाही दिलेला आहे. नाहीतर मध्ये गेट ड्रायव्हर टाका आणि गेटला सरळ १० व्होल्ट द्या.

इन्व्हर्टर_नाशिक

शीतलच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी आलं नाही अजून. डिप्लिशन मॉसफेट कशाला लागतो? पॉवर सप्लायच्या दुरुस्तीत मला तो वरचेवर भेटतो.

२३० व्होल्ट मेन्स रेक्टिफाय केली की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतात. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) कंट्रोल आयसीला हवेत दहा-पंधरा व्होल्ट. ते ट्रान्सफॉर्मरच्या एका जादा वाइंडिंगवरून येतात, पण ट्रान्सफॉर्मर चालायला आधी आयसी चालू हवा! जुना उपाय म्हणजे ३२५ व्होल्टवरून एक मोठा रेझिस्टर टाकून आयसीचा कॅपॅसिटर भरायचा. काम होतं, पण सप्लाय सुरू झाल्यावरही तो रेझिस्टर तसाच जळत राहतो. दीडशे किलोओहम धरला तरी ०.७ वॉट, चोवीस तास. स्टँडबाय वीज कमी ठेवायची सक्ती आल्यावर हे परवडेना.

तिथे डिप्लिशन मॉसफेट बसतो. मेन्स आली त्या क्षणी गेटला काहीही न देता तो चालू, कॅपॅसिटर भरला जातो, आयसी जागा होतो. मग आयसी गेटला सोर्सपेक्षा खाली ओढून त्याला बंद करतो, आणि त्यानंतर फक्त गळती उरते. एनहान्समेंटनं हे जमत नाही असं नाही, पण त्याचा गेट सुरुवातीला वर ओढायला पुन्हा ३२५ व्होल्टवरून एक रेझिस्टर लागतोच.

एलएनडी१५० हा ५०० व्होल्टचा आणि डीएन२५४० हा ४०० व्होल्टचा, दोन्ही एन-चॅनल डिप्लिशन. किरकोळ दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात.

दुसरा उपयोग तुला लॅबमध्येही करून बघता येईल: दोन भागांचा स्थिर-करंट स्रोत. सोर्समध्ये एक रेझिस्टर, आणि गेट त्या रेझिस्टरच्या खालच्या टोकाला. करंट वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, म्हणजे गेट सोर्सच्या मानानं जास्त ऋण होतो आणि करंट पुन्हा खाली येतो. समज, तुझ्या नगाचा आयडीएसएस २ मिलिअँपिअर आणि व्हीजीएस-ऑफ उणे २ व्होल्ट आहे, आणि तुला हवेत ०.५ मिलिअँपिअर. मास्तरांच्या समीकरणात टाक: ०.५ हा २चा पाव हिस्सा, वर्गमूळ अर्धं, म्हणजे व्हीजीएस उणे १ व्होल्ट. १ व्होल्ट भागिले ०.५ मिलिअँपिअर, २ किलोओहम. एलएनडी१५०चा आयडीएसएस १ ते ३ मिलिअँपिअरमध्ये कुठेही असू शकतो, म्हणून पक्का रेझिस्टर न टाकता आधी ५ किलोओहमचा प्रिसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लाव.

हा प्रयोग ९-१२ व्होल्टवरच कर. मेन्सवर नाही.

जुनीचिप

इथे ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं नाव निघालं नाही याचं आश्चर्य वाटलं! डिप्लोमाला असलेल्या प्रत्येकानं ८०८५चा प्रोग्रॅम लिहिलेला असतो, पण त्या चिपच्या पोटात डिप्लिशन ट्रान्झिस्टरही आहेत हे वर्गात फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट थोडी मागून सुरू करतो. बेल लॅब्समध्ये अटाला आणि कांग यांनी १९५९ला पहिला चालणारा मॉसफेट केला. सुरुवातीच्या वर्षांत ऑक्साइडमध्ये सोडियमसारखे धन आयन अडकून राहायचे. ते खालच्या इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागाकडे ओढायचे, त्यामुळे एन-चॅनल मॉसफेट नको असताना शून्य व्होल्टलाच चालू व्हायचा. पी-चॅनलमध्ये हाच चार्ज चॅनलच्या विरुद्ध काम करतो, म्हणून तो खात्रीनं बंद राहायचा. आधीच्या चिप पीमॉसच्या (पी-चॅनल मॉसफेटच्या) का, तर त्यामागे हे एक मोठं कारण. इंटेलचा १९७१चा ४००४ पीमॉसच आहे.

प्रक्रिया स्वच्छ झाल्यावर एनमॉस आला. १९७४चा ८०८० हा एनमॉस, पण त्यात प्रत्येक लॉजिक गेटच्या वरच्या बाजूला लोड (आउटपुटला वर ओढणारा भाग) म्हणून एनहान्समेंट ट्रान्झिस्टरच होता. आता विचार करा: एनहान्समेंट ट्रान्झिस्टर आउटपुटला वर ओढतो तेव्हा आउटपुट त्याच्या गेटपेक्षा एक थ्रेशोल्ड खालीच थांबतं, कारण तेवढं अंतर उरलं नाही तर तो स्वतःच बंद होतो. आउटपुट पूर्ण वर न्यायचं तर लोडच्या गेटला वेगळं, चढं व्होल्टेज हवं. म्हणून ८०८०ला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागायचे, आणि सबस्ट्रेटसाठी (चिपच्या मूळ सिलिकॉनसाठी) उणे ५. एका चिपला तीन सप्लाय!

मग आयन रोपणानं त्याच चिपवर निवडक ट्रान्झिस्टर डिप्लिशन जातीचे करता येऊ लागले. लोडच्या जागी डिप्लिशन ट्रान्झिस्टर, त्याचा गेट त्याच्याच सोर्सला जोडलेला. व्हीजीएस कायम शून्य, म्हणजे कायम चालू, वर नाशिककरांनी सांगितला तसाच करंट स्रोत. आउटपुट थेट ५ व्होल्टपर्यंत चढतं आणि चढतं तेही भराभर. १९७५चा ६५०२, १९७६चे झेड८० आणि ८०८५ हे सगळे असे. तिघांनाही एकच ५ व्होल्टचा सप्लाय पुरतो. ८०८५च्या नावातला शेवटचा ५ हा त्या सप्लायवरूनच आलाय.

नंतर सीमॉसनं हे सगळं मागं टाकलं, कारण डिप्लिशन लोडमधून आउटपुट खाली असताना सतत करंट वाहतो आणि चिप तापते. सीमॉसमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर एनहान्समेंट, एक एन आणि एक पी, स्थिर अवस्थेत दोघांपैकी एक बंदच.

शीतल_तासगाव

जुनीचिप सर, आम्हाला ८०८५ याच वर्षी आहे. पिन ४० व्हीसीसी, पिन २० ग्राउंड एवढंच पाठ केलं होतं. हे वाचून खरंच वेगळं वाटलं.

पॉवर_पाषाण

जुनीचिप यांनी पन्नास वर्षांपूर्वीचं लिहिलं, आता चालू असलेलं मी लिहितो. तोच प्रश्न नव्या रूपात परत आलाय.

हल्ली मोबाइल-लॅपटॉपचे जे तळहाताएवढे ६५ वॉटचे चार्जर येतात त्यांत गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर असतात. गॅलियम नायट्राइडवर अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा थर चढवला की दोघांच्या सीमेवर ध्रुवीकरणामुळे इलेक्ट्रॉनांचा दाट थर आपोआप जमतो. रोपण नको, गेट नको. म्हणजे हा ट्रान्झिस्टर जन्मतःच डिप्लिशन. रेडिओच्या अँप्लिफायरला ते चालतं, पण पॉवर कन्व्हर्टरमध्ये ही मोठी जोखीम. मेन्स आली, कंट्रोल आयसी अजून उठायचाय, आणि ३२५ व्होल्टच्या दोन टोकांमध्ये असलेले वरचा-खालचा दोन्ही स्विच आधीच चालू! सरळ शॉर्ट.

यावर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे गेटखाली पी-प्रकारच्या गॅलियम नायट्राइडचा थर देऊन शून्य व्होल्टला तिथला इलेक्ट्रॉनांचा थर नाहीसा करायचा. त्यातून खरा एनहान्समेंट ट्रान्झिस्टर मिळतो, पण थ्रेशोल्ड दीड व्होल्टच्या आसपास आणि गेटला ६-७ व्होल्टच्या वर सहन होत नाही. सिलिकॉनला आपण बिनधास्त १०-१२ देतो, ती सवय इथे महागात पडते. दुसरी वाट कॅस्कोड. डिप्लिशन गॅलियम नायट्राइडच्या सोर्सखाली कमी व्होल्टेजचा साधा सिलिकॉन एनहान्समेंट मॉसफेट जोडायचा, आणि वरच्याचा गेट खालच्याच्या सोर्सला. खालचा बंद झाला की मधला बिंदू वर चढतो, म्हणजे वरच्याचा गेट त्याच्या सोर्सच्या मानानं ऋण होतो आणि तोही बंद. बाहेरून बघणाऱ्याला सगळा मिळून एकच एनहान्समेंट ट्रान्झिस्टर दिसतो. मला स्वतःला ही रचना फार सुंदर वाटते. प्रत्येकाला त्याला जमतं तेच काम दिलंय.

बिनतारी

हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींसाठी एक जोड. गॅलियम आर्सेनाइडचे मायक्रोवेव्ह फेटही बहुतेक डिप्लिशनच. डिश अँटेनाच्या एलएनबीत (डिशवरच्या सिग्नल वाढवणाऱ्या डबीत) ते असतात, आणि त्यांच्यासाठी आत ऋण व्होल्टेज तयार करणारी वेगळी छोटी आयसी असते. जुना मायक्रोवेव्ह अँप्लिफायर हातात आला तर क्रम पाळा: आधी गेटचं ऋण व्होल्टेज, मग ड्रेनचा सप्लाय. बंद करताना उलट. गेट बायस नसताना ड्रेन दिला की पूर्ण आयडीएसएस वाहतो आणि महागडा फेट गेला.

शीतल_तासगाव

आज डबा घेऊन बसले. खटपट्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी डायोड रेंजवर वाटणी केली. बहुतेक साधे ट्रान्झिस्टर निघाले. जे उरले त्यांना ९ व्होल्टची बॅटरी, ड्रेनमध्ये १ किलोओहम, आणि गेट सरळ सोर्सला जोडून ड्रेन-सोर्समधलं व्होल्टेज मोजलं. तुलनेसाठी आधी ओळखीचे दोन लावले: बीएफडब्ल्यू१०वर १.५ व्होल्ट आला, २एन७०००वर बॅटरीचे पूर्ण ९.

डब्यातल्या नगांपैकी काहींवर पूर्ण ९ व्होल्ट, म्हणजे एनहान्समेंट. दोन नगांवर ५ व्होल्टच्या आसपास, आणि त्यांच्या गेटपासून दोन डायोड दिसतात, म्हणजे जेफेट. बरोबर ना? आणि हे ५ व्होल्ट का, १.५ का नाही?

प्रयोगशाळा_मास्तर

अगदी बरोबर. १ किलोओहमवर ४ व्होल्ट पडलेत, म्हणजे करंट ४ मिलिअँपिअर. या नगांचा आयडीएसएसच तेवढा लहान आहे, ते संपृक्त भागात (जिथे व्होल्टेज वाढवलं तरी करंट जवळजवळ वाढत नाही) जाऊन थांबलेत. तुझ्या बीएफडब्ल्यू१०चा आयडीएसएस बॅटरी आणि रेझिस्टर मिळून देऊ शकतात त्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे तो ओहमिक भागातच (जिथे फेट रेझिस्टरसारखा वागतो) राहिला आणि त्याच्यावर कमी व्होल्टेज पडलं. खात्री करायची तर रेझिस्टर ४७० ओहमचा कर. त्या दोन नगांचा करंट जवळजवळ तोच राहील, बीएफडब्ल्यू१०चा वाढेल.

रोबो_मिरज

एओ३४०० लावला, मोटर पळतेय आणि मॉसफेट गार. सोल्डरवाली ताई, आभार. एक शेवटचं: पी-चॅनल डिप्लिशन मॉसफेट मिळतो का? बॅटरीच्या धन बाजूला कायम-चालू स्विच हवा होता.

सोल्डरवाली

सुटा सिलिकॉन पी-चॅनल डिप्लिशन मॉसफेट बाजारात जवळपास नाहीच. होलची चपळाई इलेक्ट्रॉनांपेक्षा बरीच कमी, त्यामुळे तेवढ्याच रोधासाठी चिप मोठी लागते, आणि मागणीही नाही. पी-चॅनल जेफेट मिळतात. जे१७५ घ्या, तो गेटला ३ ते ६ व्होल्ट धन दिल्यावर बंद होतो. पण आयडीएसएस ७ ते ६० मिलिअँपिअर, म्हणजे सिग्नलपुरता, मोटरला नाही.

मोटरसाठी पी-चॅनल एनहान्समेंटच घ्या आणि त्याचा गेट १०० किलोओहमनं ग्राउंडला बांधा. बॅटरी जोडली की गेट सोर्सपेक्षा खाली, म्हणून स्विच आपोआप चालू. बंद करायचा असेल तेव्हा एका छोट्या ट्रान्झिस्टरनं गेट बॅटरीच्या धन टोकाला ओढा. बॅटरी १२ व्होल्टच्या वरची असेल तर गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्यावर जाऊ न देणारा डायोड) विसरू नका, बहुतेकांच्या गेटची मर्यादा २० व्होल्टच असते.